वरिष्ठ तपास अधिकारी व्हायचंय: कोणती पदवी, कोणती परीक्षा आणि त्यानंतर काय

प्रश्न असा आहे: ‘बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे क्राइम ब्रँच किंवा सीआयडीत वरिष्ठ तपास अधिकारी व्हायचं आहे. त्यासाठी फॉरेन्सिकचा डिप्लोमा करू, एलएलबी करू की सरळ एमपीएससीला बसू?’

सरळ एमपीएससीला बसा. पदवी कोणतीही चालते, आणि डिप्लोमा बघून कुणी गुन्ह्याचे कागद हातात देत नाही. मात्र ‘वरिष्ठ’पण परीक्षेने येत नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मुळात महाराष्ट्र पोलीस दलात ‘वरिष्ठ तपास अधिकारी’ नावाचं पद नाही. मुंबईत ‘वरिष्ठ पोलीस निरीक्षक’ असतो, पण तो पोलीस ठाण्याचा प्रमुख. गुन्हा दाखल झाला की प्रभारी अधिकारी तो स्वतःकडे ठेवतो किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याकडे वर्ग करतो. ज्याच्याकडे कागद गेले तो त्या गुन्ह्याचा तपासी अंमलदार. हुद्द्याचा प्रश्न येतो तो विशेष कायद्यांमुळे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. ॲट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला नियम ७ उपअधीक्षक मागतो. मकोका, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, त्याहून कडक आहे: कलम लावायलाच उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी, तपास उपअधीक्षक किंवा वरच्याकडे, आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी. यातला एक कागद चुकला तर बाकीचा तपास कितीही पक्का असो, मकोकाचं कलम टिकत नाही. म्हणजे वरिष्ठतेचा एक भाग कायद्यानेच ठरवलेला आहे आणि तो बढतीने मिळतो. दुसरा भाग न्यायालयात मिळतो: तुमचे कागद उलटतपासणीत उभे राहतात का, यावरून.

खात्यात शिरायच्या वाटा. शिपाई म्हणून बारावीनंतर भरती होता येतं. पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, होण्याच्या वाटा तीन: थेट एमपीएससी, खात्यांतर्गत मर्यादित परीक्षा आणि सेवाज्येष्ठतेने पदोन्नती. मर्यादित परीक्षेचे नियम शासन निर्णयांनी अधूनमधून बदलत आलेत, त्यामुळे ‘आधी शिपाई होतो, मग खात्यातून पीएसआय होतो’ असा हिशेब मांडणाऱ्याने चालू निर्णय वाचूनच पाऊल टाकावं. पदवी हातात असेल तर थेट परीक्षा बरी. त्याहून वरची वाट राज्यसेवेतून उपअधीक्षक किंवा यूपीएससीतून आयपीएस. पण तिथे लवकरच पर्यवेक्षण अंगावर येतं. दुसऱ्याचा तपास तपासणं हेही मोठं काम आहे, तरी स्वतःच्या हाताने सर्वांत जास्त गुन्हे लिहायला मिळतात ते पीएसआय, एपीआय (सहायक निरीक्षक) आणि पीआय (निरीक्षक) या तीन हुद्द्यांवर. तुम्हाला तपासच करायचा असेल तर माझ्या मते पीएसआयची वाट दुय्यम मानू नका.

थेट पीएसआयसाठी अटी अशा: कोणत्याही शाखेची पदवी, मराठीचं ज्ञान, वय १९ ते ३१ (मागासवर्गीयांना ३४ पर्यंत), पुरुषांना अनवाणी उंची १६५ सेंमी, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंमी जास्त, महिलांना उंची १५७ सेंमी. पूर्व परीक्षा १०० गुणांची, मुख्य ४०० गुणांची, मुलाखत ४० गुणांची. शारीरिक चाचणीत जाहिरातीत दिलेले किमान गुण लागतात, ते अंतिम यादीत धरले जात नाहीत. मोजमापं आणि सवलती प्रत्येक जाहिरातीशी ताडून बघा. उंचीत अर्धा सेंमी कमी म्हणजे बाहेर, म्हणून दोन वर्षं अभ्यासाला देण्याआधी शासकीय रुग्णालयात उंची मोजून घ्या.

निवड झाल्यावरही मुलं अडकतात ती साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात. गावातल्या भांडणात किंवा कॉलेजच्या आंदोलनात नाव आलेलं असतं, पुढे खटला मिटलेला असतो आणि ‘गुन्हा दाखल आहे किंवा होता का’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं जातं. चारित्र्य पडताळणीत ते निघतंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंह निकालात याबाबत दिशा घालून दिली आहे: किरकोळ प्रकरण खरं सांगितलं तर नियोक्ता विचार करू शकतो, लपवणं मात्र स्वतंत्र दोष ठरू शकतो. खरं लिहा, निकालाची प्रत जोडा.

अभ्यासात एक गोष्ट सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. तपासाची कलमं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून नागरिक सुरक्षा संहितेत आली: साक्षीदारांचे जबाब कलम १६१ ऐवजी आता १८०, दंडाधिकाऱ्यासमोरचे १६४ ऐवजी १८३, केस डायरी १७२ ऐवजी १९२, दोषारोपपत्र १७३ ऐवजी १९३. जुने आकडे विसरूही नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते आणि असे खटले अजून बरीच वर्षं चालतील. पीएसआयला दोन्ही तोंडपाठ लागतात.

आता डिप्लोम्याचं. न्यायसहायक विज्ञानाची पदवी प्रयोगशाळेत नेते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय संस्थांत ते अभ्यासक्रम आहेत, नागपूर आणि गोव्यात राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे परिसर आहेत. तिथून बाहेर पडणारा माणूस तज्ज्ञ साक्षीदार होतो, तपासी अंमलदार होत नाही. तुम्हाला प्रयोगशाळेतलं यंत्र चालवायचं नाही. नमुना तिथे कसा पोचला पाहिजे हे कळलं पाहिजे. एलएलबीचा उपयोग जास्त आहे, पण ती नोकरीत आल्यावर परवानगी घेऊन करा. ठाण्यात दोन वर्षं काढल्यावर पुरावा कायदा जसा समजतो तसा वर्गात समजत नाही. आणि बी.कॉम.ला कमी लेखू नका. आर्थिक गुन्हे शाखेत ताळेबंद, खतावणी, बँकेचे खातेउतारे वाचणारा अधिकारी हवाच असतो. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखालचे, एमपीआयडीचे, गुन्हे उभे राहतात ते पैसा कुठून कुठे गेला याच्या तक्त्यावर.

प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. ही संस्था १९०६ मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला आली. तिथे कायदा, कवायत, गोळीबार, घटनास्थळाचे सराव सगळं होतं. पण हात बसतो तो पहिल्या पोलीस ठाण्यात, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. तरुण अधिकाऱ्याला डीबी, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथक खुणावतं: खबरे, धरपकड, बातमीत फोटो. आरोपी पकडणं हे तपासाचं निम्मं काम आहे. पहिली तीन-चार वर्षं अकस्मात मृत्यू, घरफोड्या आणि अपघात मागून घ्या. एका अकस्मात मृत्यूत इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, जखमांचं वर्णन, शवविच्छेदनाची विनंती, व्हिसेरा (तपासणीसाठी राखलेले अवयवांचे भाग), नातेवाइकांचे जबाब असं सगळं एकत्र शिकायला मिळतं. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो, फॉर्मॅलिनमध्ये नाही. फॉर्मॅलिन पेशींच्या तपासणीसाठी. बरणी भरायचं काम डॉक्टरांचं, पण लेबल वाचून ताब्यात घ्यायचं काम तुमचं.

वरिष्ठ आणि कच्चा यांतला फरक कुठे दिसतो ते दोन-तीन गोष्टी जवळून पाहिल्या की कळेल.

रक्ताचा शर्ट घ्या. कच्चा अधिकारी तो ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारतो. आत दमटपणा राहतो, बुरशी चढते, डीएनए खराब होतो, आणि काही महिन्यांनी सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येतो: निष्कर्ष काढता येत नाही. शर्ट सावलीत, स्वच्छ कागदावर, पंख्याचा झोत अंगावर न घेता वाळवायचा. घडी घालताना डागावर डाग येऊ नये म्हणून मध्ये कागद. मग कागदी पाकीट, दोऱ्याची बांधणी, लाखेचं सील, पंचांच्या आणि तुमच्या सह्यांचं लेबल. पंचनाम्यात डाग कुठे, केवढा, कोणत्या रंगाचा हे लिहायचं. ‘रक्ताचे डाग’ असं छातीठोक न लिहिता ‘रक्तासारखे दिसणारे’ लिहायचं. मयताचे आणि आरोपीचे कपडे एकाच टेबलावर, एकाच वेळी कधीही हाताळायचे नाहीत. पाकीट मुद्देमाल कक्षात गेल्याची नोंद, बाहेर निघाल्याची नोंद, प्रयोगशाळेला नेणाऱ्या अंमलदाराचा जबाब, सीलचा नमुना आणि प्रयोगशाळेची पोचपावती, या साखळीतला एक दिवस जरी गायब असला तरी बचावाचा वकील तोच दिवस धरून बसतो. मुद्देमाल कारकुनाचा जबाबच घेतलेला नाही, असं गंभीर गुन्ह्यांतही होतं. घ्यायला दहा मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट, निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढल्याचा पंचनामा. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही. आरोपीने सांगितल्यावरून जी वस्तू सापडते तेवढ्यापुरता भाग चालतो. पूर्वी हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलं आहे. ‘मी कोयत्याने मारलं’ हे वाक्य कागदावर असून नसल्यासारखं. ‘कोयता कुठे लपवला ती जागा दाखवतो, काढून देतो’ हे वाक्य कामाचं. ते आरोपीच्या भाषेत, त्याच्याच शब्दांत, ठाण्यातून निघायच्या आधी, पंचांसमोर लिहायचं आणि वेळ टाकायची. मग गाडीने कोण कुठे बसून निघालं, रस्ता कोणी दाखवला, जागेवर पुढे कोण चालत होतं, वस्तू कोणी काढली, ती जागा उघड्यावर होती की झाकलेली, हे क्रमाने दुसऱ्या कागदावर. हे पंचनामे पडतात ते ठरलेल्या कारणांनी: दोन्ही कागद ठाण्यात बसून एकाच दमात लिहिलेले दिसतात; जागा कुणालाही जाता येईल अशी असते; आदल्या दिवशीच्या डायरीत पोलिसांना ती जागा आधीच माहीत असल्याचं निघतं; किंवा पंच तोच असतो जो आधीच्या पाच गुन्ह्यांतही पंच होता. शिवाय आता झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. चित्रीकरणातली वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळत नसेल तर तुमचाच कॅमेरा तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. म्हणून चित्रीकरण सुरू करताना तारीख, वेळ, ठिकाण आणि हजर लोकांची नावं मोठ्याने बोला, आणि मध्ये बंद करावं लागलं तर कारण पंचनाम्यात लिहा.

तिसरी, सीसीटीव्ही. डीव्हीआरमधलं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रातलं, चित्रीकरण हार्डडिस्कच्या क्षमतेप्रमाणे काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिल्या चोवीस तासांत आसपासची दुकानं, सोसायट्या, पेट्रोल पंप पायी फिरून यादी करायची. पडद्यासमोर बसल्यावर पहिलं काम घड्याळ बघणं. डीव्हीआरची वेळ बहुतेकदा पुढे-मागे असते. मोबाइलच्या वेळेशी ताडून ‘डीव्हीआर प्रमाणवेळेपेक्षा १७ मिनिटे पुढे’ अशी नोंद पंचनाम्यात घ्या. ही एक ओळ नसेल तर फुटेजमध्ये आरोपी ९:४० ला दिसतो आणि सीडीआरमध्ये, म्हणजे मोबाइल कॉलच्या नोंदीत, त्याच वेळी तो दुसऱ्या टॉवरखाली असतो. सरकारी वकिलाकडे उत्तर राहत नाही. नक्कल घेतल्यावर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, भाग ‘ब’ तज्ज्ञाचं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या प्रकरणात पक्की केली ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीचंच होतं, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल. हॅश नक्कल घेतानाच काढायची. सहा महिन्यांनी काढलेला हॅश एवढंच सांगतो की फाइल सहा महिन्यांनी अशी होती.

मोबाइल जप्त केला तर दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) लिहा, फ्लाइट मोडवर टाका आणि उत्सुकतेने उघडून बघू नका. तुम्ही गॅलरी चाळल्याची नोंद फोनमध्ये राहते.

अटकेतही आता हात आखडून चालावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक होती हे लिहून ठेवावं लागतं, नाहीतर अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ही शिस्त आहे. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्या. छापील नमुन्यात ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’ एवढंच भरलं तर अटक बेकायदा ठरून गंभीर गुन्ह्यातला आरोपीही सुटतो.

ओळख परेडही अशीच हातची जाते. आरोपीचा चेहरा झाकून ठेवायच्या आधी कुणीतरी पत्रकारांना फोटो देतं, आणि साक्षीदाराने तो पाहिलेला असतो. एका संशयितामागे निदान सहा सारख्या अंगकाठीची माणसं उभी करायची, परेड दंडाधिकाऱ्याने घ्यायची, पोलीस खोलीबाहेर.

मुदतीचा हिशेब हा अनुभवी माणसाचाही घोटाळा. कोठडीत असलेल्या आरोपीविरुद्ध ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर जामीन हा त्याचा हक्क होतो, त्याच संहितेचं कलम १८७. दिवस अटकेपासून मोजत नाहीत, पहिल्या रिमांडपासून मोजतात, आणि २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार रिमांडचा तो दिवसही धरायचा. पहिली रिमांड १ एप्रिलची असेल तर साठावा दिवस ३० मे. ३१ मेला सकाळी वकील अर्ज घेऊन उभा असतो. शेवटचे दिवस सुट्टीचे असतील तर आदल्या कामकाजाच्या दिवशी दाखल करा. सीए रिपोर्ट आला नाही म्हणून दोषारोपपत्र अडवू नका, तो पुरवणी अहवालाने जोडता येतो. केस डायरीच्या पहिल्या पानावर लाल शाईने ही तारीख लिहून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. याशिवाय फिर्यादीला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणं आता कायद्यानेच आलं आहे, त्याची पोच फाइलला लावा.

दोषारोपपत्राऐवजी तपास बंद करायचा अहवाल म्हणजे समरी: आरोपी सापडला नाही तर ‘अ’ समरी, फिर्याद जाणूनबुजून खोटी निघाली तर ‘ब’, गैरसमजाची किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘क’. समरी लिहिताना जो अधिकारी दोषारोपपत्राइतकीच मेहनत घेतो तो मला खरा तपासी अंमलदार वाटतो, कारण कुणी बघत नसताना तो कसा काम करतो ते तिथे दिसतं. तक्रारदार विरोध अर्ज करतो आणि न्यायालय पुढच्या तपासाचे आदेश देतं, ते बहुधा तीन ओळींच्या समरीवर.

परिस्थितिजन्य पुराव्याचा खून असेल तर दोषारोपपत्र टंकायला देण्याआधी १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालातल्या पाच कसोट्या समोर ठेवून कागद चाळा. प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे शाबीत आहे का, आणि त्यातून आरोपी निर्दोष असण्याची दुसरी कोणती शक्यता उरते का. उरत असेल तर ती बचावाने दाखवण्याआधी तुम्ही तपासा. जो साक्षीदार आरोपी दुसरीकडे होता म्हणतो त्याचाही जबाब घ्या. तो टाळल्याने तो नाहीसा होत नाही, न्यायालयात बचावाचा साक्षीदार म्हणून येतो. २०१४ च्या किशनभाई निकालानंतर निष्काळजी तपासाची जबाबदारी अधिकाऱ्यावर निश्चित करण्याचा रस्ताही खुला आहे.

पुढच्या शाखा या पायावर मिळतात. जिल्ह्यात एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा), आयुक्तालयात गुन्हे शाखा, पुण्यात मुख्यालय असलेली राज्य सीआयडी. सीआयडीकडे कोठडीतले मृत्यू, गाजलेले किंवा वर्ग झालेले तपास जातात, आणि अंगुलीमुद्रा केंद्रही तिच्याखाली आहे. राज्य पोलीस कर्तव्य मेळाव्यात तपासशास्त्राच्या स्पर्धा असतात, त्यात उतरा. घटनास्थळ वाचण्याचा तसा सराव रोजच्या धावपळीत होत नाही. सीबीआय किंवा एनआयएत उपनिरीक्षक म्हणून थेट जायचं असेल तर ती वाट एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, सीजीएल परीक्षेची, तिथेही पदवी कोणतीही चालते. नाहीतर पुढे प्रतिनियुक्तीने जाता येतं.

आत्ता, शेवटच्या वर्षाला असताना करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला फी नाही. जिल्हा व सत्र न्यायालयातले बहुतेक खटले उघड्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. बोर्डावर खुनाचा किंवा दरोड्याचा खटला ‘पुराव्यासाठी’ लागलेला दिवस बघा, आणि तपासी अंमलदाराची साक्ष असेल त्या दिवशी जा. सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलाने घेतलेली साक्ष, सोडून द्या. उलटतपासणीतला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा: पंच कुठून आणले, सील कोणाकडे होतं, स्टेशन डायरीत निघाल्याची नोंद किती वाजताची, जबाब तीन दिवस उशिरा का. अशा दहा साक्षी ऐकल्या की तेच वीस-पंचवीस प्रश्न फिरून येताना दिसतील. ती वही नाशिकला जाताना बरोबर ठेवा.